नवी सातेरी पेटीत आली, आता दारावर काय बघायचं?

दिवाळीच्या आगेमागे कोकणात सातेरीचे, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाशीचे, थवे दिसायला लागतात. आंब्याच्या फांदीला, विहिरीच्या कठड्याला, एकदा तर आमच्या वाडीत एका मोटारसायकलच्या हँडललाच थवा लटकला होता. कोणी जाणता माणूस तो पेटीत भरून देतो, "आठ दिवस हात लावू नका" म्हणतो आणि निघून जातो. पेटीसमोर उरतो नवा मधपाळ. आत काय चाललंय ते त्याला कळत नाही आणि न कळणं सहन होत नाही.

मला माझ्या पहिल्या पेटीच्या वेळी ते चार दिवससुद्धा सहन झालं नाही. झाकण काढलं, चौकट उचलली, राणी दिसते का म्हणून उन्हाकडे धरली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला माश्या भसाभसा बाहेर पडल्या, माडाच्या शेंड्याएवढ्या उंच गेल्या आणि गेल्याच. पेटीत तळहाताएवढं पांढरंशुभ्र पोळं तेवढं राहिलं. शेजारचे आबा चाळीस वर्षं माश्या पाळतायत. ते पोळं हातात घेऊन म्हणाले, "नवीन सुनेच्या खोलीत असं डोकावतात का रे?"

सातेरीचा स्वभावच तसा. पेटीत पाळतात ती परदेशी मेलिफेरा माशी बरंच काही सोसते, सातेरी जरा त्रास झाला की बिऱ्हाड हलवते. म्हणून पहिले तीन आठवडे आतली खबर दारावरूनच काढायची, आणि ती बऱ्यापैकी निघते. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ मेलिफेराचे असतात, ते बघून सातेरीचे अंदाज बांधू नका. काही बाबतींत दोघींच्या सवयी अगदी उलट आहेत, ते पुढे येईलच.

बसायचं कुठे

पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही. तो माश्यांचा रस्ता आहे. बाजूला, चार-पाच हातांवर, पाट किंवा बुटकं स्टूल टाकून बसा. फिके कपडे घाला, अत्तर नको, केसांना वासाचं तेल नको. नुकतं केळं खाऊन तर मुळीच जाऊ नका. माशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना सावध करणारा जो वास सुटतो, त्यात पिकल्या केळ्याच्या वासाचाच एक घटक असतो. डंख बसलाच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा आणि शांतपणे लांब व्हा. अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास जड झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

रोज सकाळी साडेआठ-नऊला दहा मिनिटं आणि दुपारी दोन-तीनच्या दरम्यान दहा मिनिटं एवढं पुरतं. सोबत एक वही ठेवा. तारीख, ऊन की ढग, पराग आणणाऱ्या माश्या किती, आणि काही वेगळं दिसलं तर ते. मोबाईलमधल्या नोंदी माझ्याकडून तरी नंतर कधी उघडल्या जात नाहीत, म्हणून वही.

पहिले तीन दिवस

भरल्यावर पहिल्या तासाभरात दाराशी काही माश्या शेपूट वर करून पंख फडफडवताना दिसतील. नीट बघितलंत तर पोटाच्या टोकाशी एक फिकट पट्टा उघडा पडलेला दिसतो. ती वासाची ग्रंथी. मागे राहिलेल्यांना "इकडे या" म्हणून घातलेली ती हाक असते. ती दिसली आणि बाहेरच्या माश्या पेटीकडे चालत निघाल्या, की राणी बहुतेक आतच आहे असं समजा. उलट माश्या पेटीतून निघून पुन्हा त्याच फांदीला जाऊन लटकत असतील, तर राणी फांदीवरच राहिली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळंच दृश्य दिसतं. बाहेर पडलेली माशी सरळ उडून न जाता गर्रकन वळते आणि पेटीकडे तोंड करून डावी-उजवीकडे तरंगते. आधी वीतभर अंतरावरून, मग हातभर, मग मोठमोठे फेरे घेत वर. ती घर पाठ करत असते. दार कुठे, शेजारी फणस कुठे, पलीकडे गोठ्याचं छप्पर कुठे. म्हणून या दिवसांत पेटी हलवायची नाही, समोर नवं काही ठेवायचं नाही, वाळत घातलेली चादरसुद्धा नको. जागा बदलायचीच वेळ आली तर रोज एखादा फूट सरकवा, नाहीतर एकदम दोन-तीन किलोमीटर लांब न्या. मधलं अंतर वाईट, माश्या जुन्या जागी जाऊन घुटमळत बसतात.

इथे एक फरक लक्षात ठेवा. फांदीवर लटकलेला थवा जुनं घर सोडून निघालेला असतो, त्याला कुठेही ठेवलंत तरी तो नवी जागा शिकतो. झाडाच्या ढोलीतून किंवा भिंतीच्या पोकळीतून पोळ्यांसकट काढलेल्या वसाहतीचं तसं नाही. तिच्या बाहेर गेलेल्या कामकरी माश्यांना ढोलीचाच पत्ता ठाऊक असतो. तिथेच पेटी संध्याकाळपर्यंत ठेवायची, सगळ्या परतल्या की अंधार पडल्यावर दार बंद करून हलवायची. सातेरी बहुतेक वेळा दीडेक किलोमीटरच्या आतच चरते. नवी जागा त्या टापूत असेल तर काही माश्या ढोलीकडे परत जाणारच.

थव्यातल्या माश्या निघताना पोटात मध भरून निघतात. तीन-एक दिवसांची शिदोरी असते ती. म्हणून पहिले दोन दिवस त्या गरीब वाटतात आणि नव्या माणसाला वाटतं आपल्याला जमलं. शिदोरी संपली की खरी परीक्षा. बाहेर फुलोरा नसेल तर तिसऱ्या संध्याकाळी पाक द्या. एक किलो साखर, एक लिटर पाणी, कोमट करून विरघळवायची आणि गार झाल्यावर पेटीच्या आत, दिवेलागणीनंतर ठेवायची. एकदम सगळा नको, वाटीभर पुरे, आणि वाटीत काटक्या टाका नाहीतर माश्या बुडतात. गूळ देऊ नका, पोट बिघडतं. दुकानातला मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो.

पराग ही खरी खबर

दारावर बघायच्या सगळ्या गोष्टींत एकच निवडायची म्हटलं तर मी पराग निवडीन. मागच्या पायांवर पिवळ्या, केशरी, कधी राखाडी गोळ्या घेऊन माशी येते. पराग हे मुख्यतः अळ्या वाढवायचं अन्न. ज्या घरात अळ्या नाहीत तिथे पराग आणायची घाईही नाही. थवा बसल्यावर दोन-तीन दिवसांत थोडाफार पराग सुरू होतो आणि हळूहळू वाढत जातो, तेव्हा आत पोळं बांधलं जातंय आणि राणीने अंडी घालायला घेतली आहेत, असं मानायला हरकत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. परत येणाऱ्या वीस माश्या मोजा आणि त्यांतल्या परागवाल्या किती ते लिहा. माझ्या दुसऱ्या पेटीच्या वहीत तिसऱ्या दिवशी वीसात एक आहे, सहाव्या दिवशी चार, दहाव्या दिवशी सात. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत. तुमच्याकडे माड असतील तर सकाळी लवकर फिका पिवळा पराग धो-धो येईल आणि दुपारी काहीच येणार नाही. ढगाळ दिवशी सगळंच मंदावतं. एका दिवसाचा आकडा सोडून द्या, आठवडाभराचा कल बघा. काजू-आंब्याला मोहोर लागला की कोकणात चित्र एकदम पालटतं. घाटमाथ्यावर तोच पालट जांभूळ-हिरडा फुलला की होतो.

थवा दुय्यम असेल, म्हणजे एकाच वसाहतीतून दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा फुटलेला, तर त्याची राणी कोवळी, अजून न फळलेली असते. तिला बाहेर उडून नरांशी मीलन करून यावं लागतं, मग अंडी. अशा पेटीत दहा-बारा दिवस पराग नावापुरताच दिसला तरी घाबरू नका. पण अशा पेटीच्या दाराला राणी अडवणारी जाळी लावून ठेवली असेल तर मात्र ती काढा. कामकरी ये-जा करतात आणि राणी आत कैद, म्हणजे ती जन्मभर वांझ. जाळी लावायची तर फळलेल्या राणीच्या थव्याला, तीही दोन-चार दिवस.

दारावरची माणसं

दार शांत असलं तरी रिकामं नसतं. दोन-चार माश्या पुढचे पाय उचलून उभ्या असतात, येणाऱ्या प्रत्येकीला मिशांनी चाचपतात. हा पहारा. तो तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसायला लागला की वसाहतीने घर आपलं मानलं. राखायला काही असल्याशिवाय कोण पहारा देईल?

दुपारी उकाड्यात दारात रांगेने उभ्या राहून पंख हलवणाऱ्या माश्या दिसतात. त्या वारा घालतात. परदेशी व्हिडिओत या पंखेवाल्यांचं तोंड दाराकडे असतं, आतली हवा त्या बाहेर ओढतात. आपल्या सातेरीचं तोंड बाहेरच्या बाजूला असतं, ती बाहेरची हवा आत ढकलते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माझ्या माश्या उलट्या उभ्या आहेत. अळ्या असलेल्या भागाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास राखावं लागतं, त्यासाठी ही सगळी धडपड. पंखेवाल्या फारच वाढल्या, संध्याकाळी माश्या दाढीसारख्या बाहेर लटकू लागल्या, तर पेटीवर झापाची सावली करा आणि जवळ उथळ परातीत पाणी ठेवा. परातीत दगड घाला, म्हणजे त्यांना बसून पिता येतं.

पेटीच्या आसपास, गाडीच्या काचेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतील. ती माश्यांची विष्ठा. शेजारच्या काकी बोलतील, ऐकून घ्या आणि कपड्यांची दोरी तेवढी लांब बांधून द्या. १९८०च्या दशकात आग्नेय आशियातल्या जंगलांत पडलेल्या अशाच पिवळ्या ठिपक्यांवरून अमेरिकेने रासायनिक अस्त्रांचा आरोप केला होता. शास्त्रज्ञांनी तपासलं तर ठिपक्यांत पराग निघाला. काकींना हे सांगून बघा, फरक पडेलच असं नाही.

माश्या कमी होतात

दुसऱ्या आठवड्यात नवा मधपाळ हमखास घाबरतो. दाराशी ये-जा उतरलेली वाटते. मीही आबांकडे धावलो होतो.

"आबा, माश्या कमी झाल्या हो."

"होणारच. म्हाताऱ्या मरतायत, पोरं अजून पाळण्यात आहेत."

सातेरीच्या कामकरी माशीला अंड्यापासून बाहेर पडायला १९-२० दिवस लागतात. थवा आल्या दिवसापासून पहिलं पोळं बांधून, अंडी घालून पहिली नवी माशी जन्मेपर्यंत तीन आठवडे सहज जातात. तोवर आलेल्यांतल्या वयस्क माश्या रोज थोड्याथोड्या संपत असतात. म्हणजे तीन आठवडे उतार, मग चढ. मधल्या काळात ये-जा कमी पण पराग चालू, असं असेल तर सगळं ठीक आहे. ये-जाही कमी आणि परागही बंद, तर मात्र सावध व्हा. पोळ्यांसकट आणलेल्या वसाहतीत हा उतार इतका जाणवत नाही, कारण तिची अंडी-पिल्लं सोबत आलेली असतात. पोळी चौकटीला केळीच्या सोपटाने बांधलेली असतात ना, माश्या ते सोपट कुरतडून, तंतू तोंडात धरून दाराबाहेर आणून टाकतात. दारापुढे असे तंतू पडलेले दिसले की ओळखा, पोळं त्यांनी चौकटीला जोडून घेतलं, बांधणीची गरज संपली.

दुपारची जत्रा आणि लूट

चौथ्या आठवड्यात कधीतरी, ऊन असलेल्या दुपारी, अचानक पेटीसमोर शेकडो माश्या घोंघावतील. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझा जेवणाचा घास हातातच राहिला, पुन्हा पळाल्या म्हणून. पण त्या पळत नव्हत्या. नव्या जन्मलेल्या माश्या पहिल्यांदा घर पाठ करायला बाहेर आल्या होत्या. अंगावर राखाडी लव, रंग फिका, तोंड पेटीकडे, तरंगणं लाडिक. पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या आत.

दिसायला याच्याचसारखी पण जीवघेणी गोष्ट म्हणजे लूट. शेजारची दांडगी वसाहत तुमच्या अशक्त पेटीतला मध-पाक पळवते. ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. लुटारू माशी दारावर सरळ उतरत नाही, झोके घेत फट शोधते, झाकणाच्या सांध्याशी घुटमळते. दारात कुस्त्या लागतात, दोघी एकमेकींना धरून जमिनीवर लोळतात. लुटारू बऱ्याचदा काळ्या, चकचकीत दिसतात, झटापटीत अंगावरची लव झडलेली असते. आणि घरची माशी जाताना हलकी, येताना जड असते, लुटारूचं उलट: येते हलकी, जाताना पोट तटतटलेलं. ही धामधूम वीस मिनिटांत थांबत नाही, अंधारापर्यंत चालते.

अजून शंका असेल तर बाहेर पडणाऱ्या माश्यांवर चिमूटभर गव्हाचं पीठ भुरभुरवा आणि आजूबाजूच्या पेट्यांवर नजर ठेवा. पांढऱ्या झालेल्या माश्या दुसऱ्या पेटीत शिरल्या की चोर सापडला. लगेच दार एका वेळी एकच माशी जाईल एवढं लहान करा, फटी शेणा-मातीने लिंपा, पाक काढून घ्या. पाक दिवसा दिल्याने किंवा पेटीवर सांडल्यानेच बहुतेक वेळा लूट सुरू होते.

निघायच्या तयारीत असल्या तर

छेडलेली सातेरी तडकाफडकी जाते, माझ्या पहिल्या पेटीसारखी. उपाशी किंवा त्रासलेली मात्र तयारी करून जाते आणि ती तयारी दारावर आधी दिसते. पराग दिवसागणिक कमी होत जातो आणि थांबतो. पहारा ढिला पडतो. माश्या सुस्त, ये-जा तुरळक. आत राणीने अंडी घालणं थांबवलेलं असतं, असलेली पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या थांबतात, साठवलेला मध पोटात भरतात आणि एका स्वच्छ सकाळी निघतात. म्हणजे तुमच्या हाताशी आठ-दहा दिवस असतात. पाक द्या आणि त्रास शोधा.

त्रास बहुतेक वेळा पायाशीच सापडतो: मुंग्या. पेटी ठेवलेल्या घोडीच्या, म्हणजे स्टँडच्या, चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, वर जळक्या तेलाचे दोन थेंब. गवत वाट्यांना पूल करतं, ते कापा. गांधीलमाशी दारासमोर हवेत टांगल्यासारखी राहून येणारी माशी झडप घालून उचलते. सातेरी तिला घोळक्याने घेरून, अंग तापवून मारू शकते, पण नवी, थोडक्या माश्यांची वसाहत तेवढी माणसं कुठून आणणार? दार लहान करा, आसपास गांधीलमाशीचं पोळं असेल तर जाणत्या माणसाकडून काढून घ्या. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो, त्याला हुसकावण्यापलीकडे मी काही करत नाही. दिवसाला थोड्या माश्या तो खाणार.

दाराबाहेर मेलेल्या अळ्या येऊन पडत असतील तर मात्र घरगुती शहाणपण पुरे. पाणी भरलेल्या पिशवीसारखी, टोक वर असलेली अळी हे थाई सॅकब्रूडचं लक्षण असू शकतं. १९९१ नंतर दक्षिण भारतात याच विषाणूने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात मारल्या. अळीचा फोटो काढा आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचारा. त्या पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत घालू नका.

तळपाट आणि मग झाकण

झाकण न उघडता आतलं बघायची एक वाट राहिली. तळपाट सुटा असेल तर आठवड्यातून एकदा संध्याकाळी हळूच ओढून बघा. माशाच्या खवल्यांसारखे पातळ, पारदर्शक मेणाचे कण दिसले तर पोळं बांधणं जोरात आहे. तंतूंची जाळी, काळ्या बारीक लेंड्या दिसल्या तर मेणपतंगाची अळी शिरली आहे, पाट खरवडून उन्हात टाका. मधोमध भोक असलेल्या छोट्या कडक टोप्या सापडल्या तर त्या पोळ्यातल्या नरांच्या घरांवरच्या, मेलिफेराकडे अशा मिळत नाहीत. नर वाढतायत म्हणजे वसाहत भरात आहे, पण हे पहिल्या महिन्यात सहसा दिसत नाही.

एकविसाव्या दिवसानंतर, पराग नीट येत असेल, ऊन असेल, वारा नसेल, तर सकाळी दहाच्या सुमारास झाकण काढा. दाराशी धुराचे दोन हलके झोत, जास्त नको. कडेची चौकट आधी काढून बाजूला ठेवा, मग मधली सरळ उभी वर घ्या, आडवी करू नका, कोवळं पोळं तुटतं. राणी शोधत बसू नका. पाठीवर ऊन घेऊन पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बघा, तांदळाच्या कणीसारखं एकेक अंडं उभं दिसलं की चौकट होती तशी, त्याच तोंडाने परत ठेवा. एका घरात दोन-तीन अंडी, भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी नाही आणि कामकरीच अंडी घालतायत, त्याच दिवशी आबांसारख्या कोणाला तरी बोलवा.

सगळं मिळून पाच मिनिटं. झाकण लावून पुन्हा बाजूच्या स्टुलावर बसा आणि पहिली परागवाली माशी आत शिरायला किती वेळ लागला ते वहीत लिहा.